ग्रँडमास्टरांचा एकरी उतारा

आमच्या स्टाफरूममधल्या जगाच्या नकाशावर रशिया दिसत नसे. तिथं टाचण्या दिसत. बुद्धिबळाचा एक ग्रँडमास्टर म्हणजे एक टाचणी, असा भूगोलाच्या सरांचा हिशेब होता. रशियाकडं ग्रँडमास्टर इतके होते की मॉस्कोत जागा उरली नाही, तेव्हा सरांनी बाकीच्या टाचण्या सैबेरियात टोचायला घेतल्या. तिथल्या सरकारला माणसं सैबेरियात पाठवायची सवयच आहे, आपण काही वेगळं करत नाही, असं त्यांचं म्हणणं. युगोस्लाव्हियात दाटी होती, हंगेरीत होती, अमेरिकेतही बऱ्यापैकी होती. भारत मात्र स्वच्छ होता. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एक भोक नव्हतं.

निपाणीच्या त्या हायस्कुलात मी गणित शिकवायला लागले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. माझं माहेर बेळगावचं, त्यामुळं तंबाखूच्या खकाण्याची सवय नव्हती. पहिल्या दिवशी मी शिंकत शिंकतच स्टाफरूममध्ये शिरले. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक उंच, वाळका माणूस उठला. डोक्यावर काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट आणि कानावर सुतार पेन्सिल ठेवतो तसा खडू. नाव नाही, गाव नाही, त्यांनी थेट विचारलं, "बाई, भागाकार येतो न्हवं?"

मला तो टोमणा वाटला. गणिताच्या बाईला भागाकार येतो का म्हणे. पण त्यांनी लगेच एक चिठ्ठी पुढं केली. त्यावर आइसलँडची लोकसंख्या होती आणि आइसलँडच्या टाचण्या होत्या. दर लाख माणसांमागं ग्रँडमास्टर किती पडतात, ते त्यांना मधल्या सुट्टीच्या आत हवं होतं.

सर मूळचे सदलग्याचे. घरी तंबाखू आणि भुईमुगाची शेती, त्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट ते एकरी उताऱ्यात मोजायचे. नुसती रास बघून काय कळतं, रान किती होतं ते नको का बघायला, हा त्यांचा सिद्धांत. रशियाची रास मोठी खरी, पण रानही तेवढंच अफाट. खरा कसलेला शेतकरी म्हणजे आइसलँड. आख्ख्या देशाची वस्ती आपल्या बेळगावाएवढी, वर बर्फ, खाली दगड, आणि तरी ग्रँडमास्टर पिकतात. हे सांगताना त्यांच्या आवाजात सख्खा भाऊ परीक्षेत पहिला आल्याचा अभिमान असे. मग ते भारताकडं वळत आणि त्यांचं तोंड कडू होई.

भारताचाही भागाकार मला करावा लागे, दर वर्षी जानेवारीत. शून्याला कशानंही भागलं तरी शून्यच येतं, त्यासाठी कागद कशाला, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. पीक आलं नाही म्हणून तलाठी पाहणी करायचं सोडतो का, असं विचारून त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मी निमूट साठ कोटींनी शून्याला भागलं आणि खाली सही केली.

ही सगळी माहिती ते आणत कुठून, हा प्रश्न मलाही पडला होता. महिन्यातून एका रविवारी ते बेळगावला जात आणि तिथल्या वाचनालयात बसून इंग्रजी वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे उपसत. शिवाय टपालानं एक रशियन मासिक येई, गुळगुळीत कागदाचं आणि जवळजवळ फुकट. त्यातलं बुद्धिबळाचं पान कापून झालं की उरलेलं मासिक मुलांना वह्यांच्या कव्हरासाठी मिळे. त्या काळात आमच्या शाळेतल्या प्रत्येक वहीवर एक हसणारी ट्रॅक्टरवाली बाई असे. नवा ग्रँडमास्टर सापडला की सर सोमवारी सकाळी प्रार्थनेआधी टाचणी टोचत आणि त्या देशाच्या टाचण्या पुन्हा पहिल्यापासून मोजत. मोजायचे मात्र कन्नडमध्ये. आईशी कन्नड, बायकोशी मराठी आणि पुस्तकांशी इंग्रजी, अशी त्यांची वाटणी होती. टाचण्या आईच्या वाट्याला आल्या होत्या.

मुलं त्यांना ग्रँडमास्तर म्हणत. त्यांना ते माहीत होतं. पदवी चुकीची आहे, एवढंच ते म्हणत.

एकदा चिकोडीहून तपासणीला साहेब आले. आठवीच्या वर्गात भूगोलाचा तास चालू होता. साहेबांनी सहज एका मुलाला विचारलं, हंगेरी कशासाठी प्रसिद्ध आहे. मुलगा ताडकन उठून म्हणाला, ग्रँडमास्टरांसाठी. साहेबांना वाटलं पोरगं गडबडलं, म्हणून त्यांनी दुसऱ्याला अर्जेंटिनाबद्दल विचारलं. त्यानं सांगितलं की तिथंही ग्रँडमास्टर आहेत, पण त्यातले काही महायुद्धात अडकून पडलेले पाहुणे आहेत, ते मूळ पीक नव्हे. साहेब घामाघूम झाले. शेवटी त्यांनी पहिल्या बाकावरच्या एका मुलीला विचारलं, बरं, भारताबद्दल काय सांगशील? मुलीचे वडील कचेरीत कारकून होते. ती म्हणाली, "भारत निरंक, साहेब."

शेरेबुकात काय लिहिलं गेलं ते सांगत नाही. हेडमास्तरांनी सरांना बोलावून घेतलं. सरांचा एकच मुद्दा होता की तिन्ही उत्तरांत चूक दाखवा. हेडमास्तरांना ती दाखवता आली नाही, कारण त्यांचा विषय संस्कृत होता.

उतारा कशानं वाढतो याचाही सरांनी छडा लावायला घेतला होता. त्यांनी आइसलँडच्या बुद्धिबळ मंडळींना स्वतःच्या इंग्रजीत पत्र लिहिलं आणि तुम्ही खाता काय, करता काय, असं विचारलं. कमाल म्हणजे उत्तर आलं. कुणा भल्या माणसानं लिहिलं होतं की आमच्याकडं हिवाळा लांब असतो, बाहेर पडता येत नाही, म्हणून आम्ही घरात बसून मासे खातो आणि बुद्धिबळ खेळतो. मासे वाचून सर दोन दिवस सुतकात होते. जैनाच्या घरात जन्मलेल्या माणसानं आता करायचं काय? मग त्यांनी मासे वगळून हिवाळा तेवढा घेतला. आपल्याकडं घरात कोंडून घालणारी जागा कोणती, तर खानापूरच्या जंगलातलं कणकुंबी. तिथं पावसात चार महिने माणूस उंबरा ओलांडत नाही, म्हणजे तिथं हे पीक यायलाच हवं. भर श्रावणात छत्री, टोपी आणि बुद्धिबळाचे चार पट घेऊन सर कणकुंबीला गेले. तिसऱ्या दिवशी तापानं फणफणत परत आले. गाव खरंच घरात कोंडलेलं होतं आणि घराघरात रमी चालली होती. चारपैकी दोन पट लोकांनी ठेवून घेतले, पत्ते टाकायला सपाट जागा होते म्हणून.

हसायला आम्हाला काय, निमित्तच लागायचं. पण एकदा या टाचण्यांनी स्टाफरूममध्ये खरंखुरं भांडण लावलं. रशियाचा एक मोठा खेळाडू हॉलंडला स्पर्धेला गेला आणि परतलाच नाही. सरांनी त्याची टाचणी उपसली आणि ती हातात धरून दोन दिवस तसेच फिरत राहिले. आता ती टोचायची कुठं? चित्रकलेचे सर सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. माणूस जन्मला ती त्याची भूमी, राज्यकर्ते काही म्हणोत, असं ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले. पीटीचे सर चिकोडीचे, कन्नड बोलणारे. जिथं मीठ खातो तिथं मोजा, उगाच जुनी मढी उकरू नका, असं त्यांनी ऐकवलं. रशिया राहिला बाजूला, दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जायचे बाकी होते. सर मध्ये पडले. म्हणाले, "त्यो बाबा निदान उठून तरी गेला. माझी आई सदलग्यात चुलीपुढनं हलली न्हाय. बसल्या जागी मुंबई राज्य झालं, म्हैसूर झालं, आता कर्नाटक झालंय. तिची टाचणी कुठं टोचू सांगा." सरांनी ती टाचणी उत्तर समुद्रात टोचली आणि तासाला निघून गेले.

आता त्या एका रविवारची गोष्ट सांगते. सर स्वतः खेळायचे, आणि बरं खेळायचे. लहानपणी सदलग्यात आज्जाकडून पट शिकले, नोकरी लागल्यावर पुस्तकांवरून नवे आंतरराष्ट्रीय नियम शिकले. पण खेळणार कुणाशी? निपाणीत त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. मलाही त्यांनी चाली शिकवल्या, आणि मी सहाव्या-सातव्या खेळीला हरून वह्या तपासायला मोकळी होई. दशक संपता संपता बेळगावला निवड स्पर्धा जाहीर झाली. पहिले दोघं राज्य स्पर्धेसाठी बेंगळूरला जाणार होते. सरांनी नाव दिलं. वय सत्तेचाळीस.

स्टाफरूमनं त्यांना सोललं. या वयात मिशीला कलप लावा, ते सोपं पडेल, असा सल्ला मिळाला. चित्रकलेच्या सरांनी कर्नाटकाकडून खेळायला आक्षेप घेतला. सरांचं उत्तर होतं की देशाचा व्हायला आधी कुठल्या तरी राज्याचा व्हावं लागतं, आणि ज्या राज्याची बस दारात थांबते तेच सोयीचं. पण थट्टा करता करता आमच्या लक्षात आलं की गडी गंभीर आहे. स्पर्धेत वेळेचं घड्याळ असतं म्हणून त्यांनी दोन गजराची घड्याळं सुतळीनं बांधून सराव चालवला होता, आणि बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, झोप उडवली होती. महिनाभर आधी बेंगळूरच्या आठवड्यासाठी रजेचा अर्जही देऊन ठेवला होता. रजा मिळाली नाही तर बिनपगारी द्या, असं त्यात लिहिलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसानं स्वतःसाठी रजा मागितलेली नव्हती.

स्पर्धा दोन रविवार चालली. दुसऱ्या रविवारी मी माहेरीच होते, म्हणून दुपारी टिळकवाडीतल्या त्या हॉलमध्ये डोकावले. सरांचा शेवटचा, सातवा डाव चालू होता. आधीच्या सहांत त्यांनी अशी मजल मारली होती की हा जिंकला की बेंगळूर नक्की. समोर बेलबॉटम घातलेला कॉलेजचा पोरगा होता, आणि पोरगा पार संपला होता. त्याच्याकडं राजा आणि एक प्यादं. सरांकडं राजा, हत्ती आणि उंट. ते प्यादं घोड्याच्या ओळीतून पुढं सरकत शेवटच्या घराच्या तोंडाशी आलं होतं, आणि सरांचा हत्ती त्याला सरळ रेषेत बघत होता. उचलायचा आणि मारायचा. मला दिसत होतं, म्हणजे आंधळ्यालाही दिसावं.

सरांनी टोपी सारखी केली आणि हत्ती तसाच ठेवून उंट हलवला. पोराच्या राजाची वाट बंद झाली. पुढच्या खेळीला मात होती, हे खरं. पण मधली एक खेळी पोराची होती. त्यानं आधी सरांकडं पाहिलं, मग इकडंतिकडं पाहिलं, मग प्यादं शेवटच्या घरात नेलं आणि मेलेल्या मोहऱ्यांतून वजीर उचलून तिथं ठेवला. सरांच्या राजाला शह बसला.

सर त्या वजिराकडं बघत राहिले. "ह्यो तर घोडा व्हतोय," ते हळूच म्हणाले. पोरगा म्हणाला, काय सर? पंच जवळ आले. सरांनी त्यांना काही नाही म्हणून परत पाठवलं. राजा बाजूला घेतला, तसा वजिरानं हत्ती खाल्ला. मग सरांनी राजा आडवा केला, पोराशी हात मिळवला आणि कागदावर सही केली.

निपाणीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. काकती गेलं, हत्तरगी गेलं. संकेश्वरला बस थांबली तेव्हा त्यांनी काकूंनी दिलेला डबा उघडला. त्यात शेंगाच्या पोळ्या होत्या, जिंकल्यावर वाटायला दिलेल्या. एक माझ्या हातावर ठेवली आणि मी न विचारताच ते सांगायला लागले.

"आज्जाचा नेम हुता, बाई. समोरच्याचं शेवटचं मोहरं मारायचं न्हाय. मारलं की बुर्जी, डाव बरोबरीत. माणसाला पार नागवं करून जिंकणं ह्ये जिंकणं न्हवं, म्हणायचा. त्येच्याकडं एक तरी मोहरं ठेवून मात करायची. आन् प्यादं घोड्याच्या ओळीत पोचलं तर घोडाच व्हणार, वजीर कुठला? घोडा झाला असता तर पुढच्या चालीला मात हुती."

मी म्हटलं, पण हे जुने नियम तर कधीच गेले. तुम्हीच पोरांना नवे शिकवता.

"तीस वर्षं नवेच खेळतोय की. आधीच्या सा डावांत समोरच्याकडं एकच मोहरं राहायची वेळ आली न्हाय. आज आली, आन् हात गपकन सदलग्याच्या कट्ट्यावर गेला."

मला त्यांचा भयंकर राग आला. इतका राग मला वर्गातल्या ढ मुलाचाही कधी आला नव्हता. हा शुद्ध गाढवपणा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला. त्यांनी मान डोलावली. गाढवपणाच झाला म्हणाले, आणि दुसरी पोळी काढून अर्धी मला दिली. शाळेत हे सांगू नका, एवढं मात्र त्यांनी मागून घेतलं. सोमवारी ते स्टाफरूममध्ये हरलो म्हणाले, रजेचा अर्ज मागं घेतला आणि कुठल्याशा नव्या ग्रँडमास्टरची टाचणी टोचली. लोकांनी दोन दिवस चेष्टा केली. मी त्यात नव्हते.

पुढं ते कुठल्या स्पर्धेला गेले नाहीत. टाचण्या मात्र वाढत गेल्या आणि भागाकारही चालू राहिले. फिलिपिन्ससारख्या देशाकडंही ग्रँडमास्टर होता, आपल्याकडं नाही, याचा ते दर जानेवारीला नव्यानं संताप करून घेत. सर निवृत्त होऊन सदलग्याला गेले त्याच वर्षी नकाशानंही जीव सोडला. इतक्या भोकांनी रशिया पार चाळण झाला होता. शिपायानं भिंत झाडताना फडकं मारलं आणि तो भाग टाचण्यांसकट खाली आला. खरा रशिया फुटायला अजून वेळ होता, आमच्याकडं तो आधीच फाटला.

ऐंशीचं दशक सरत आलं असताना एका सकाळी पेपरात बातमी आली. भारताला पहिला ग्रँडमास्टर मिळाला. मद्रासकडचा, मिसरूड फुटायच्या वयाचा पोरगा. मी पेपर घेतला आणि त्या रविवारी सदलग्याची बस पकडली. वाटेत मला वाटत होतं, म्हातारा नाचेल, गावाला पेढे वाटेल, नाहीतर बातमी खरी आहे का म्हणून माझीच उलटतपासणी घेईल.

सर कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होते. बातमी त्यांना रेडिओवर आधीच कळली होती. तरी त्यांनी पेपर माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. झालं एकदाचं, म्हणाले. एक शेंग उचलून त्यांनी मला पोराचं वय विचारलं. मी सांगितलं. मग आपण बेळगावला गेलो होतो त्या रविवारी तो केवढा असेल, असं विचारलं. मी वजाबाकी केली आणि म्हटलं, आठ-नऊ वर्षांचा.

त्यांनी हातातली शेंग फोडली नाही, तशीच खाली ठेवली.

"म्हंजे त्यो डाव मी मारला असता, बेंगळूरला गेलो असतो, तिथनं आनी कुठं कुठं गेलो असतो, तर कवातरी ह्या पोरापुढं बसायची पाळी आली असती."

वाईट वाटलं की मी फटकळ बोलते. मी म्हणाले, "आणि हरला असता."

"व्हय की. पंचवीस चालींत," सर म्हणाले. "मला ग्रँडमास्टर व्हायचं खूळ कधी न्हवतंच, बाई. तेवढा भागाकार मलाबी येतोय. मला एकदा ग्रँडमास्टरकडनं हरायचं हुतं."